वळचण किती ठेवायची? एक्स्पर्ट सिस्टिमला विचारण्याआधी

रत्नागिरीत मी गेली बावीस वर्षं घरांचे आराखडे काढतेय. पाच वर्षांपूर्वी माझ्या एका घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पहिल्याच पावसात आतून ओल आली. मालकीणबाईंनी विचारलं, "वळचण दीड फूटच का ठेवलीत?" मला उत्तर सुचेना. ठेवली होती, एवढंच. त्याच पावसाळ्यात ऑफिससाठी एक छोटी एक्स्पर्ट सिस्टिम, म्हणजे जाणत्या माणसाचे "जर-तर" नियम भरून त्यांवरून सल्ला देणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, बांधायला घेतली. तुम्हालाही बांधायची असेल, तर माझा अनुभव सांगते.

अख्खं घर तिच्या गळ्यात घालू नका. एकच निर्णय निवडा: वरचेवर घ्यावा लागणारा, उत्तर चार-पाच पर्यायांत बसणारा आणि चुकला तर डोळ्यांना दिसणारा. मी पश्चिमेच्या भिंतीचा पावसापासून बचाव हा विषय घेतला. घराचं तोंड देखणं कसं करावं, हे तिला विचारू नका.

1970च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मायसिन नावाची अशीच एक एक्स्पर्ट सिस्टिम तयार झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं औषध द्यावं, हे ती सुचवायची. तिच्याकडून एकच गोष्ट उचला. ती प्रश्न विचारायची तेव्हा डॉक्टर उलट "का?" विचारू शकत, आणि ती आपला नियम दाखवायची. आजचा चॅटबॉट उत्तर फर्डं देतो, पण कुठल्या नियमावरून दिलं ते छातीठोकपणे सांगता येत नाही. मालकीणबाईंपुढे ते चालत नाही.

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी महोनी तक्ते कागदावर भरून पाहा; हवामानावरून घर कसं बांधावं ते हे तक्ते सुचवतात. कोनिग्सबर्गर, महोनी आणि एव्हान्स यांचे हे तक्ते संयुक्त राष्ट्रांनी 1971 साली प्रसिद्ध केले. बारा महिन्यांचं तापमान, आर्द्रता आणि पाऊस भरायचा, प्रत्येक महिन्यापुढे खुणा करायच्या, खुणा मोजायच्या, की उत्तर निघतं. महिन्याला 200 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की एक खूण. अशा तीन किंवा जास्त खुणा असतील तर मुसळधार पावसापासून संरक्षण हवं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर, चार खुणा विनासायास होतात.

पण भिंतीचा रकाना नीट बघा. दिवस-रात्रीच्या तापमानात 10 अंशांहून जास्त फरक आणि हवा फार दमट नाही, असे महिने दोनपर्यंत असतील तर हलकी भिंत, तीन झाले की जड. म्हणजे एका महिन्याने भिंत बदलते! हवामानाचे आकडे कुठल्या वर्षांचे घेतलेत त्यावर तो महिना इकडचा तिकडे होऊ शकतो. म्हणून उत्तर उंबरठ्यावर असेल तर ते तांबड्या रंगात दिसेल, अशी सोय मी पहिल्या दिवसापासून ठेवली.

नियम गोळा करणं हे खरं काम. आमच्या मिस्त्रीकाकांना मी आधी विचारलं, "काका, वळचणीचा नियम काय?" ते म्हणाले, "नियम कसला ताई, बघून ठरवायचं." दोन आठवडे वाया गेले. मग विचारलं, "कुठल्या घराला ओल आली आणि का?" मग काका दुपारभर बोलत राहिले. त्यातून पहिला नियम निघाला, तो असा:

जर भिंत पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल
आणि आडवं झाड किंवा घर नसेल
आणि जांभ्याचा चिरा बिनगिलाव्याचा असेल
तर पडवी घ्या; जागा नसेल तर वळचण किमान 3 फूट
कारण: झड तिरकी येते, उघडा चिरा पाणी ओढून घेतो
कुणाचं: मिस्त्रीकाका

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. "का?"चं उत्तर त्यांतच असतं.

एक्सेलमध्ये पंचवीस-तीस नियम सहज मावतात. त्यापुढे क्लिप्स घ्या. नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात 1985 साली सुरू झालेलं, एक्स्पर्ट सिस्टिम बांधायचं हे साधन फुकट मिळतं. त्यात नियमाला अग्रक्रमाचा आकडा देता येतो. त्या मोहात लगेच पडू नका. आमच्याकडे पावसाळ्यात वारा आणि पाऊस एकाच दिशेने येतात. एक नियम म्हणतो पश्चिमेला खिडकी ठेवा, दुसरा म्हणतो भिंत बंद करा. वाऱ्याला मोठा आकडा देऊन पावसाला गप्प बसवलंत, तर भांडण मिटत नाही, नुसतं झाकलं जातं. मी दोन्ही नियम शेजारी शेजारी दाखवायला लावले. मग खिडकी राहिली आणि तिच्यापुढे पडवी आली.

तपासणी जुन्या घरांवर करा, त्यात फसलेलीही घ्या. माझ्या नऊ घरांवर चालवली तेव्हा आठ उत्तरं पटली. नववं घर दुमजली होतं. सिस्टिमने तिथेही तीन फूटच सांगितलं. छपराची वळचण वरच्या मजल्याला पुरेल, पण खालच्या भिंतीला तिचा काय उपयोग? भिंतीची उंची मी विचारलीच नव्हती. काकांना ते सांगण्याची गरज वाटली नव्हती, त्यांच्या मते ते शेंबड्या पोरालाही कळतं. आता मजल्यांच्या मधे वेगळं पाखं घ्यायला सांगणारा नियम आहे. माहिती अपुरी असेल तर "सांगता येत नाही" असंही उत्तर ती देते. ते घालायला विसरू नका.

एक अट मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. काका प्रत्येक गाडीतले चार-सहा चिरे हातोडीने वाजवून बघतात आणि आवाजावरून पोकळ चिरा बाजूला काढतात. आवाज कसा लिहिणार? शेवटी तो सिस्टिमचा पहिला प्रश्न केला: "काकांनी चिरा वाजवून पाहिला का?" उत्तर "नाही" आलं की ती पुढचं काही विचारतच नाही.