लाल दारातून फक्त लालच: बॉक्स२डीत टकरीचा स्वतःचा नियम

बॉक्स२डी म्हणजे गेममधल्या वस्तूंची हालचाल नि टकरी सांभाळणारं इंजिन. हे त्याच्या 2.4 आवृत्तीबद्दल, सी++मधलं.

कोण कोणाला अडेल हे फिल्टर ठरवतं, आणि बहुतेकांना स्वतःचं फिल्टर लागतच नाही. प्रत्येक फिक्श्चरला (वस्तूला जोडलेल्या टकरीच्या आकाराला) 16-16 बिटांचे कॅटेगरीबिट्स (मी कोण) आणि मास्कबिट्स (मी कोणाला अडतो) असतात. कॅटेगरी अशा धरा: भिंत 1, खेळाडू 2, भूत 4, बाण 8. भुताचा मास्क 9 (1+8) ठेवला की ते भिंतीला नि बाणाला अडतं, खेळाडूच्या आरपार जातं. खेळाडूच्या मास्कमध्ये 4 असला तरी उपयोग नाही; दोघांचा होकार लागतो. बाण सोडणाऱ्यालाच लागू नये? दोघांना एकच ऋण ग्रुपइंडेक्स (गटाचा आकडा; ऋण असला की आपसात टक्कर नाही) द्या, विषय संपला.

माझ्या गेममध्ये मात्र दारं रंगीत आहेत. लाल खेळाडू लाल दारातून जातो, निळा अडतो, आणि रंग खेळता खेळता बदलतो. रंग वाढले की 16 बिट पुरत नाहीत. मग बी२कॉन्टॅक्टफिल्टर या इंजिनच्या फिल्टर-क्लासपासून आपला क्लास काढा, त्यात शूडकोलाइड (दोन फिक्श्चर टकरावेत का, याचं हो-नाही देणारं फंक्शन) लिहा आणि वर्ल्ड (सगळ्या वस्तू सांभाळणारा ऑब्जेक्ट) बनवल्या बनवल्या त्याच्या सेटकॉन्टॅक्टफिल्टरला द्या. वर्ल्ड फक्त पॉइंटर ठेवतं, तेव्हा तो ऑब्जेक्ट जिवंत ठेवणं तुमच्याकडे. दोन फिक्श्चरांपैकी दार पहिलं येईल की दुसरं, याचा भरवसा नाही. दोन्ही बाजू तपासा. दार-खेळाडू जोडी नसेल तर मूळ शूडकोलाइडच बोलवा, नाहीतर वरचे सगळे बिट निकामी.

आता खरी गोम. शूडकोलाइड दर स्टेपला (इंजिन वेळ एक घास पुढे नेतं तेव्हा) विचारलं जात नाही. दोघांभोवतीच्या आयताकृती चौकटी एकमेकींवर येऊन जोडी जमते तेव्हा इंजिन विचारतं, आणि मिळालेला होकार धरून बसतं. म्हणून रंग बदलला की खेळाडूच्या प्रत्येक फिक्श्चरवर रीफिल्टर (फिल्टरला पुन्हा विचारायला लावणारं फंक्शन) बोलवा. रंग बदलणाऱ्या डबीला खेळाडूचा स्पर्श झाल्याचं बिगिनकॉन्टॅक्टमध्ये (स्पर्श सुरू होताच इंजिन बोलवतं ते फंक्शन) कळतं, पण तिथे नुसती नोंद करा. बदल स्टेप संपल्यावर.

आणि खेळाडू दारात उभा असतानाच रंग बदलला तर? इंजिनला अचानक दोन वस्तू एकमेकींत घुसलेल्या दिसतात आणि ते खेळाडूला बाहेर ढकलतं, कधी नको त्या बाजूला. मी तो बाहेर पडेपर्यंत बदल थोपवतो. पण तो आत आहे हे कळणार कसं? फिल्टरने नकार दिलेल्या जोडीचा कॉन्टॅक्ट (स्पर्शाची नोंद) बनतच नाही. म्हणून दाराच्याच मापाचं एक सेन्सर फिक्श्चर (स्पर्श कळवतं, पण अडवत नाही) दाराला जोडायचं. सेन्सरही याच शूडकोलाइडमधून जातो, त्यामुळे रंग तपासायच्या आधीच 'सेन्सर असेल तर हो' ही ओळ हवी.