मॅट वार्निशला कोरडी हवाच हवी

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की विमानाच्या मॉडेलवर कॅनमधलं मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, वार्निश मारू नका. फवारा बाहेर पडताना गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि पंखांवर पिठूळ पांढरी साय येते. माझं 1/72 मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं) स्पिटफायर लढाऊ विमान असंच पांढरं पडलं. उघडीप मिळाल्यावर ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा, पातळ हात दिला, तेव्हा बरंचसं निवळलं; मग पुन्हा मॅट.

डिकल (चिकटवायची चिन्हं) आणि पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या रेघा) मात्र ॲक्रिलिक ग्लॉसवरच उरका. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तेलरंग व्हाइट स्पिरिट या थिनरमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करा. रेघेला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, रंग आपसूक धावत जातो, बघत राहावं असं! थोडा सुकला की जादाचा रंग नाकाकडून शेपटीकडे पुसा, कारण हवाही तशीच वाहते.

रंग कुठे उडालेला दाखवायचा, हे खऱ्या विमानाला विचारा. स्पिटफायरच्या कॉकपिटचा दरवाजा डावीकडे, म्हणून वैमानिकाचे बूट डाव्या पंखाच्या मुळाशी घासायचे. तिथे स्पंजच्या तुकड्याने सिल्व्हरचे बारीक ठिपके द्या, उजवीकडे त्याहून कमी.