फरचा हर्बेरियम नमुना: या चुका टाळा

सातारा-सांगलीकडची वनस्पतिशास्त्राची सहल हिमाचलहून परतते तेव्हा फरच्या, म्हणजे तिथल्या एका सूचिपर्णी झाडाच्या, डहाळ्या हर्बेरियमसाठी (वनस्पती दाबून-सुकवून जपायच्या संग्रहासाठी) सोबत असतात. (त्यासाठी तिथल्या वनविभागाची परवानगी आधीच काढा.) हे नमुने बहुतेक वेळा वाया जातात ते लेबलमुळे.

सगळ्यात महागात पडते जागेची चूक. घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये नोंद केली, तर अ‍ॅप त्या क्षणाचं लोकेशन उचलतं आणि रानटी फर साताऱ्यात, १७.६८ उत्तर, ७४.०० पूर्व इथे उगवतो. सह्याद्रीत फर रानटी नाहीच. पाचगणीच्या बंगल्यापुढचा 'ख्रिसमस ट्री' बहुधा अरोकेरिया (फरहून वेगळं झाड) असतो, तोही लावलेला. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर मनालीचं झाड आर्क्टिकच्या समुद्रात जातं. उंची लिहिताना एकक सोडू नका: '९०००' हे फूट असतील तर २७४३ मीटर होतात, आणि मीटर समजले तर झाड एव्हरेस्टच्याही वर पोचतं. म्हणून झाडाखाली उभं राहूनच वहीत लिहा: नमुन्याचा क्रमांक, तारीख, जागा, उंची, झाड रानटी की लावलेलं.

दुसरी गल्लत फर आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या स्प्रूसची. हिमाचलात फरला तोस, स्प्रूसला राई म्हणतात. स्थानिक नाव लिहा, पण ओळख त्यावर सोडू नका. एक पान ओढून काढा. फरचं पान चपटं असतं, खालच्या बाजूला दोन फिकट पट्टे असतात आणि डहाळीवर गुळगुळीत गोल वण उरतो. स्प्रूसचं पान चौकोनी, बोटांत फिरवलं की गोल फिरतं. मागे बारीक खुंटी राहते, त्यामुळे उघडी डहाळी खरखरीत लागते.

शंकूची काळजी वेगळी घ्यावी लागते. फरचे शंकू फांदीवर उभे असतात आणि पिकले की तिथेच खवला-खवला सुटतात, मधला कणा तेवढा उभा राहतो. त्यामुळे पूर्ण शंकू मिळाला तर सुकण्याआधीच दोऱ्याने गुंडाळा किंवा मच्छरदाणीच्या कापडात बांधा. तो दाबू नका, डब्यात ठेवा. शंकूचा ताजा रंग लिहून ठेवा, सुकल्यावर तो कळत नाही.

डहाळी २५–३० सेंटिमीटरची घ्या, म्हणजे २८ × ४२ सेंटिमीटरच्या शीटवर बसते. ती ज्यात दाबून सुकवता तो टिपकागद पहिल्या दिवशीच बदला, मग एक दिवसाआड. जून-जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत हा बदल चुकला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. किडीसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते जहाल विष आहे, वापरू नका. त्याऐवजी सुकलेला नमुना प्लास्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा. सुटलेल्या खवल्यांच्या पाकिटावर आणि शंकूच्या डब्यावरही डहाळीचाच क्रमांक घाला.