पावसाळाभर उभी राहिलेली जुनी गाडी: पहिली किक मारण्याआधी

बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पाऊस कसा लागतो ते वेगळं सांगायला नको. त्या चार महिन्यांत सोप्यात नाहीतर गोठ्याच्या कडेला लावून ठेवलेली जुनी स्प्लेंडर किंवा सीडी हंड्रेड खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाहेर निघते. गाडी धुतात, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडतात, चोक ओढतात आणि किकवर उभे राहतात. नुकसान होतं ते इथंच. कॉक उघडला की टाकीच्या तळाचं पाणी आणि गंज सरळ कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागात, उतरतो. सिलिंडरमधलं तेल ओघळून गेलेलं असतं, दमट हवेनं आत बारीक गंज धरलेला असतो आणि त्यावर पिस्टनच्या रिंगा कोरड्याच घासतात. म्हणून हार घालण्याआधी निदान एक दिवस पान्याला द्या.

लागणारं सामान: 8, 10, 12, 14 आणि 17 चे पाने, 16 चा प्लग पाना, प्लस आणि मायनस ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), सायकलचा पंप, एक लिटर इंजिन ऑईल, थोडं रॉकेल. रॉकेल मिळालं नाही तर डिझेल चालतं. काम उघड्यावर करा. जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको.

आधी प्लग काढा. भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑईल आत सोडा आणि तासभर थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून किक पायानं न मारता हातानं हळूहळू दाबा. आठ-दहा वेळा सहज फिरली म्हणजे पिस्टन मोकळा आहे. अडली तर जोर लावू नका. आणखी चमचाभर तेल सोडून रात्रभर तशीच ठेवा.

प्लगचं टोक बघून बरंच कळतं. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. ओला तेलकट काळा असेल तर इंजिन तेल खातंय. तारेच्या ब्रशनं साफ करून गॅप 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवा. मग कॉक बंद असल्याची खात्री करा, प्लग टोपीत घाला, त्याची धातूची बाजू हेडच्या पात्याला टेकवा आणि किक मारा. प्लग भोकापासून लांब धरा, आतल्या वाफेला ठिणगी लागू शकते. ठिणगी निळी आणि चटचट आवाजाची हवी. पिवळट, मेलेली आली तर लगेच कॉईल बदलायला धावू नका. प्लगची टोपी पिळून वायरवरून सोडवा. पावसात वायरच्या टोकाचं तांबं हिरवं पडतं. टोकाचे 5 मिलिमीटर कापून टोपी परत पिळून बसवा. बऱ्याच गाड्या एवढ्यावरच सुधारतात.

आता पेट्रोल. कॉकची नळी काढून काचेच्या पारदर्शक बाटलीत पाव लिटर घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. बाटलीत खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबट वास आला, तरीही तेच. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका, विहिरी जवळ असतात.

टाकीत बॅटरी मारून बघा. तळ लालसर दिसला तर कॉक काढून भोक बंद करा, टाकी पांढऱ्या व्हिनेगरनं भरा आणि एक दिवस ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा खळबळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि लगेच पेट्रोलमध्ये थोडं ऑईल मिसळून आतून फिरवा. ओला पत्रा तासाभरात पुन्हा लाल होतो. नळी दाबून बघा. चिरा पडल्या असतील किंवा चिकट लागत असेल तर बदला. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नाही.

खरं काम कार्बोरेटरचं आहे. 10 च्या दोन नटांवर तो धरलेला असतो. खालच्या वाटीचे प्लस स्क्रू पितळेच्या रंगाचे आणि मऊ असतात. ड्रायव्हर नीट बसवून मुठीवर हातोडीचा एक ठोका द्या, मगच फिरवा, नाहीतर डोकं गोल होतं. आत दोन जेट, म्हणजे पेट्रोल जायची छिद्रं असलेले पितळेचे तुकडे, दिसतील. मोठा मेन जेट सहसा चोंदत नाही. अडचण बारक्या स्लो जेटची. त्याचं छिद्र केसाएवढं असतं आणि वाळलेलं पेट्रोल त्यात डिंकासारखं बसतं. गाडी फक्त चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते, हे त्याचंच लक्षण. जेट काढून उजेडाकडे धरा: स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. दिसला नाही तर पेट्रोलमध्ये भिजवा, घरगुती वायरमधला तांब्याचा एकच केस घालून साफ करा, पंपानं हवा मारा. सुई किंवा टाचणी कधीही घालू नका, पितळ मऊ असल्यानं छिद्र मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं बंद करत किती फेरे होतात ते मोजा, लिहून ठेवा, बसवताना तेवढाच उघडा. सगळं जोडल्यावर कॉक उघडून दहा मिनिटं खालच्या नळीकडे लक्ष ठेवा. थेंब पडला तर फ्लोटच्या (वाटीतल्या तरंगणाऱ्या भागाच्या) सुईच्या टोकात कचरा अडकलाय.

एअर फिल्टरचा डबाही उघडा. उंदीर त्यात कापूस-गवत भरून ठेवतात आणि कुंभारीण माशी नळीत मातीचं घर बांधते. सायलेन्सरच्या टोकातही बोट घालून बघा. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलनं धुऊन, वाळवून, ऑईलमध्ये बुडवून घट्ट पिळा. कागदाचा असेल तर नवाच घ्या, आपल्या लाल मातीची धूळ झटकून जात नाही.

इंजिन ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी साठलंय. गाडी सुरू न करता थंडच काढा. इंजिनाखालचा 17 चा बोल्ट, खाली पसरट भांडं, वायसर नवा. पाऊण लिटरच्या आतच भरा आणि डबल स्टँडवर ऑईल मोजायची काडी न पिळता नुसती टेकवून पातळी बघा. वरच्या खुणेच्या वर नको. या इंजिनाला कागदी ऑईल फिल्टर नसतो. जाळी उजव्या कव्हरच्या आत असते, क्लच उघडाल तेव्हा ती धुवा.

मागचं चाक फिरत नसेल तर गिअर टाकून ओढू नका. ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमला लाकडाच्या ठोकळ्यानं चहूबाजूंनी हलकं ठोका, चाक मागंपुढं हलवा. चाक काढलंच तर गंज बारीक सँडपेपरनं घासा आणि लायनरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. चेनला रॉकेल लावून ब्रश मारा, पुसून 90 नंबरचं गिअर ऑईल सोडा. चेन मधोमध वर-खाली साधारण 25 मिलिमीटर हलावी. हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवत. चालू गाडीत बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 3218 म्हणजे 2018 च्या 32 व्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली असली तरी कडेला चिरा पडल्या असतील तर चोर्ला घाटात त्यावर जाऊ नका.

आता ताजं दोन लिटर पेट्रोल, चोक, किक. पहिली पाच मिनिटं निळसर पांढरा धूर येईल, तो आपण सोडलेल्या ऑईलचा. पिकअप मारू नका. गाडी गरम झाल्यावरही धूर निळा राहिला तर बघा: सकाळी सुरू करतानाच येतो तर व्हॉल्व्हचे सील, रेस दिल्यावर येतो तर रिंगा. मग गावातच दोन किलोमीटर फिरवून या आणि उतरल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न्या. एक जास्त तापला असेल तर तो ब्रेक घासतोय, पुढची केबल किंवा मागची सळी थोडी सैल करा. 17 च्या बोल्टखाली एक कागद टाकून रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर डाग नसेल तर हार घालायला हरकत नाही.