पिल्लाला ऊन लागलंय की पार्व्हो? कसे ओळखावे

जागलीला सोबत म्हणून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू एका सकाळी भाकरीला तोंड लावत नाही. घरात कुणीतरी म्हणतंच, "ऊन लागलं असंन, होईन संध्याकाळपर्यंत." आमच्या काळूच्या वेळी ते मीच म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आधी वय आणि टोचणी आठवा. दीड ते सहा महिन्यांचं, लस न टोचलेलं पिल्लू मलूल झालं, तर पहिला संशय पार्व्होचा, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराचा, घ्या. ऊन लागलेलं कुत्रं जोरात धापा टाकतं, अंग तापलेलं असतं. पार्व्होचं पिल्लू कोपऱ्यात गप पडतं. दवाखाना दोघांनाही लागतो.

मग ओकारी आणि हगवण बघा. पांढरा नाहीतर पिवळा फेस ओकतं, मागोमाग पातळ हगवण लागते, पुष्कळदा रक्ताची. तिचा सडका वास गोठ्यातल्या शेणामुताच्या वासातही वेगळा कळतो. पण रक्त दिसायची वाट पाहू नका. जंतांनीही रक्त पडतं, खात्री तपासणीतूनच होते.

आता अंगातलं पाणी. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा. घडी लगेच मोडली नाही, तर पाणी आटलंय. ओठ वर करून हिरडी बघा: ओली, गुलाबी हवी. चिकट, पांढुरकी दिसली तर त्याच घटकेला निघा. कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ताप चढून मग अंग गार पडू लागलं, तर ते तापापेक्षा वाईट.

एक सांभाळा. लाळ गळते, गिळता येत नाही, चाल लटपटते, उगाच चावायला धावतं, असं असेल तर जवळ जाऊ नका, रेबीज असू शकतो.

ओकणाऱ्या पिल्लाच्या नरड्यात ताक, हळदीचं पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं. आपली तापाची गोळी तर मुळीच नको. जुन्या पोत्यात गुंडाळून ढोरांच्या दवाखान्यात न्या, किंवा १९६२ ला फोन लावून बघा. विषाणू मारणारं औषध तिथंही नसतं. सलाईन आणि ओकारी थांबवणारं इंजेक्शन वेळेवर मिळालं, तर पिल्लू तगू शकतं.

पोतं जाळा. फरशीला एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून पुसा. मातीत मात्र हा विषाणू महिनोन्‌महिने राहतो. दुसरं पिल्लू आणलं तेव्हा दीड महिन्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी टोचलं, आणि चार महिन्यांचं होईस्तोवर काळूच्या जागेवर सोडलं नाही.