विटांच्या भट्टीतला पिझ्झा खालून मऊच राहतो? या चुका टाळा

वर चीज छान बुडबुडतंय, कडा जागोजागी खरपूस झाल्यात, पण तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं. घरच्या विटांच्या भट्टीत हे सर्रास घडतं आणि खापर फुटतं पिठावर. माझ्या मते आधी बघायचा तो भट्टीचा तळ.

जाळ भडकला म्हणजे भट्टी तापली, हा सगळ्यात महागात पडणारा समज. ज्वाळा वर जातात, त्यामुळे घुमट लवकर तापतो. तळाच्या विटांना वेळ लागतो. सुरुवातीला घुमटावर काजळी धरते आणि वीट पुरेशी तापली की ती जळून घुमट पुन्हा स्वच्छ दिसतो. ही खूण चांगली आहे, पण ती घुमटाची आहे. तळासाठी जाळ मधोमधच ठेवा, भट्टीच्या आकारानुसार तास-दोन तास. मग निखारे एका बाजूला सारा, राख झाडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. हे थांबणं टाळू नका. निखाऱ्यांखालची वीट त्या क्षणी इतकी तापलेली असते की पिझ्झा खालून करपतो आणि आत कच्चाच राहतो. थोडा वेळ दिला की वरची धग विटेत खोलवर मुरते आणि तळ सगळीकडे सारखा होतो. इन्फ्रारेड थर्मामीटर (लांबूनच तापमान मोजणारा) असेल तर तीन-चार ठिकाणी मोजा. नसेल तर तळावर चिमूटभर मैदा टाका: लगेच काळा पडला तर अजून थांबा, हळूहळू तपकिरी झाला तर पिझ्झा सोडा.

किती तापमान हवं, इथेही गफलत होते. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा 450 अंश सेल्सिअसच्या आसपास साठ ते नव्वद सेकंदांत होतो, पण तो मऊ, घडी घालता येईल असाच असतो. कुरकुरीतपणासाठी पिठातलं पाणी निघून जायला हवं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून तळ 300 ते 350 अंशांवर येऊ द्या, जाळ बेताचा ठेवा आणि पिझ्झा चार-पाच मिनिटं भाजा. अधूनमधून फिरवा, कारण निखाऱ्यांकडची बाजू आधी रंगते.

पहिला पिझ्झा झकास आणि तिसरा गिच्च, असं होत असेल तर तळ थंड पडतोय. प्रत्येक पिझ्झा आपल्याखालच्या विटेतली उष्णता ओढून घेतो. पुढचा पिझ्झा जागा बदलून ठेवा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर निखारे पुन्हा तळावर पसरून पाच-दहा मिनिटं राहू द्या.

ओलं लाकूड वापरू नका. त्याची बरीच धग स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते. पावसात भिजलेली भट्टीही एकदम पेटवू नका, नाहीतर विटांना तडे जातील. आधी बारीक जाळावर तिला सुकू द्या.

पीठ फार सैल नको: एक किलो मैद्याला 600 ते 650 मिलिलिटर पाणी पुरतं. साखर शक्यतो नकोच, तळाशी लागते. ताजं मोझरेला चाळणीत निथळून घ्या, सॉसचा हात आखडता ठेवा. पिझ्झा सरकवताना खाली रवा भुरभुरवा, पण जेमतेम. उरलेला तळावर जळतो आणि पुढच्या पिझ्झ्याला कडवट चव लागते.

बाहेर काढल्यावर पिझ्झा थेट ताटात ठेवलात तर खालची वाफ कोंडते आणि बघता बघता तो मऊ पडतो. दोन मिनिटं जाळीवर ठेवा, मग कापा.

हे सगळं करूनही तळ तापतच नसेल किंवा पटकन निवत असेल, तर विटांखाली काय आहे ते तपासा. विटा थेट काँक्रीटवर बसवल्या असतील तर उष्णता खाली झिरपत राहते आणि कितीही लाकूड जाळलं तरी कमीच पडतं. अशा वेळी तळ उकलून खाली उष्णता अडवणारा थर घालावाच लागतो: कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड किंवा व्हर्मिक्युलाइट (एक हलकं खनिज) मिसळलेलं काँक्रीट. काम मोठं आहे, पण दुसरा उपाय नाही.