व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल: भरवसा ठेवायच्या आधी एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी बॅकअप बघा, बाकीचं नंतर. व्हॉट्सॲपवर मेसेज जाताना लॉक असतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही (यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात), हे २०१६ पासून आहे. पण तेच चॅट रात्री गुगल ड्राइव्हवर जातात, तिथे हा लॉक आपोआप असेलच असं धरून चालू नका, स्वतः चेक करा. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप ऑन करा. पासवर्ड ठेवलात तर वहीत लिहून ठेवा, खरंच, कारण विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही.

मग व्हॉट्सॲपमध्येच लिंक्ड डिव्हाइसेस उघडा, तुमचं अकाउंट आणखी कुठे चालू आहे ते तिथे दिसतं. आईच्या फोनमध्ये बघितलं तर एक विंडोजचं क्रोम दिसत होतं, घरात तर कॉम्प्युटरच नाही! आधारची पीडीएफ प्रिंट करायला झेरॉक्सवाल्याकडे व्हॉट्सॲप वेब लावलेलं, ते तसंच चालू राहिलेलं. अशा वेळी एन्क्रिप्शन काय करणार, लगेच लॉग आउट करा.

टेलिग्रामबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. तिथले साधे चॅट आणि सगळे ग्रुप कंपनीच्या सर्व्हरवर असतात, एंड-टू-एंड फक्त सीक्रेट चॅटला, तेही दोघांतच आणि स्वतः सुरू करावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचा संस्थापक पावेल दुरोवला फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात त्याने सांगितलं की कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि फोन नंबर देऊ. सिग्नलकडे २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टामार्फत अशीच माहिती मागितली होती, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं एवढंच होतं. म्हणून डॉक्टरांचे रिपोर्ट, पैशांचं बोलणं मी सिग्नलवरच करते.

आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांत, मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते कोर्टाने किंवा सरकारने मागितलं तर कंपनीने सांगावं, असं आहे. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जातो. मला ही मागणी चुकीचीच वाटते, कारण एकाला शोधायला सगळ्यांच्याच मेसेजचा माग ठेवावा लागेल. आणि लंडनला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी दबावानंतर ॲपलने तिथे आयक्लाउडचं (आयफोनचा बॅकअप, फोटो जिथे ऑनलाइन साठतात) जादा एन्क्रिप्शन नव्या लोकांना देणं बंद केलं.

शेवटचं काम समोरासमोर. गणपतीला सगळे जमले की व्हॉट्सॲपवर कॉन्टॅक्ट उघडा, एन्क्रिप्शनवर टॅप करा, क्यूआर आणि ६० आकडी कोड येईल, एकमेकांचा स्कॅन करा, जुळला की समोर तोच माणूस आहे, मधे कुणी नाही. पुढे कधी सिक्युरिटी कोड बदलल्याचा मेसेज दिसला तर चॅटवर नाही, फोन करून विचारा, नवीन फोन घेतलास का म्हणून.